जुना एलसीडी मॉनिटर दोन सेकंदांत काळा पडतो. घरी दुरुस्त करता येईल का?

प्रश्न (मंगळवार पेठ, कोल्हापूर):
नमस्कार. आमच्या गुळाच्या अडत दुकानातील हिशेबासाठी २००९ साली घेतलेला सतरा इंची मॉनिटर वडील आजही वापरतात. यंदाचा पावसाळा लागल्यापासून मॉनिटर सुरू केला की चित्र येते आणि दोन सेकंदांत पडदा काळा होतो, मात्र हिरवा दिवा चालूच राहतो. केबल आणि संगणक दोन्ही बदलून पाहिले. दुरुस्तीच्या एका दुकानात मागचे झाकणही न उघडता ‘पॅनेल (चित्र दाखवणारा काचेचा भाग) गेले, नवा घ्या’ असे सांगण्यात आले, ते मनाला पटले नाही. मला सोल्डरिंग जमते. सुरुवात कोठून करावी?

उत्तर (राजारामपुरी):
पडदा काळा झाल्यावर त्यावर तिरका टॉर्च मारून पाहावा. पुसटसे चित्र दिसले, तर पॅनेल शाबूत असून केवळ मागचा उजेड बंद पडतो आहे, असे समजावे. त्या काळच्या मॉनिटरमध्ये उजेडासाठी बारीक नळ्या असतात, त्यांना मॉनिटरच्या आतला इन्व्हर्टर नावाचा भाग उच्च दाबाची वीज पुरवतो, आणि कोठे बिघाड जाणवला की संरक्षक मंडल त्याला लगेच बंद करते. अशा वेळी मी पॉवर सप्लायचे कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) आधी पाहतो, कारण फुगलेले कपॅसिटर डोळ्यांना दिसतात आणि स्वस्तात बदलता येतात. प्लग काढून दहा मिनिटे थांबावे व मग झाकण उघडावे.

उत्तर (कसबा बावडा):
वरील निदान योग्य आहे, पण केवळ दहा मिनिटे थांबण्यावर विसंबू नये, ही कळकळीची विनंती. आपल्या २३० व्होल्ट पुरवठ्यावर आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि बिघडलेल्या बोर्डावर ते बराच वेळ टिकू शकतात. ही साठलेली वीज उतरवण्यासाठी होल्डरमध्ये साधा तारेचा बल्ब लावून त्याच्या वायरी त्या कपॅसिटरच्या दोन्ही टोकांना टेकवाव्यात, हात मात्र इन्सुलेशनवरच ठेवावा, आणि मग मल्टिमीटरने व्होल्टेज उरले नसल्याची खात्री करावी. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नये. नवा कपॅसिटर तितक्याच मायक्रोफॅरडचा (क्षमतेचा), तितक्याच किंवा थोड्या जास्त व्होल्टचा, १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारा आणि लो ईएसआर (आतला रोध कमी असलेल्या) प्रकारचा घ्यावा. जुना काढण्यापूर्वी ऋण बाजूच्या पट्ट्याचा फोटो काढून ठेवावा, म्हणजे नवा उलटा बसणार नाही.

प्रश्नकर्ता:
टॉर्चच्या उजेडात खातेवहीच्या ओळी पुसट दिसल्या, तेव्हाच जिवात जीव आला. आत १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचे दोन कपॅसिटर होते; त्यांची सपाट असायला हवी ती डोकी टम्म फुगली होती आणि एकावरच्या फुलीच्या खाचेतून तपकिरी खरपुडी बाहेर आली होती. दोन्ही बदलले. काल दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत पडदा एकदाही गेला नाही. फक्त सकाळी पहिली काही मिनिटे उजेड गुलाबीसर असतो. त्यासाठीही काही बदलावे का?

उत्तर (राजारामपुरी):
फार आनंद झाला. गुलाबी छटा बहुधा नळ्या झिजल्याची खूण आहे. त्या नळ्यांची काच अतिशय नाजूक असते, आत पारा असतो आणि त्या काढण्यासाठी पॅनेल सोडवावे लागते, म्हणून घरी त्यांना हात लावू नये. ब्राइटनेस थोडा कमी ठेवावा आणि वडिलांना आहे तसाच वापरू द्यावा.