सोमवारची गोळी

सोसायटी ग्रुप, मार्चमधला रविवार

सचिव (बी-१०१), सकाळी ९.०५
उद्या सोमवारी टाकी सफाई. पहाटे ५ ते दुपारी १२ पाणी बंद. आजच भरून ठेवा. उद्या मला फोन करू नका, मलाही नसणार आहे.

नलूताई (ए-२०४), ९.२०
हाडांच्या ठिसूळपणाची आठवड्याची गोळी कोणाची चालू आहे का? माझी ७० ची आहे, अ‍ॅलेंड्रोनेट. तीन सोमवार झाले आणि छातीत नुसती आग आग. बंदच करावी म्हणते. कॅल्शियम घेतेय की, पुरे झालं तेवढं.

विजूकाका (बी-४०३), ९.२४
*सावधान!! हाडांच्या गोळीने जबडा कुजतो. डॉक्टर हे सांगणार नाहीत. दहा जणांना पाठवा.*
(आला तसा पुढे पाठवला)

शोभाकाकू (ए-५०१), ९.२६
बाई गं. मी तर रोज नाचणी आणि तीळच खाते.

मेघा (ए-६०३), ९.४१
नलूमावशी, मी हॉस्पिटलच्या औषध विभागात आहे म्हणून विचारते. गोळी नक्की कशी घेता? सकाळपासूनचा सगळा क्रम सांगा.

नलूताई, ९.४४
उठल्यावर चहा लागतोच. त्याच्यासोबत बीपीची, ही आणि कॅल्शियम, सगळ्या एकदम. विसरायला नको ना. मग परत अर्धा तास आडवी होते.

मेघा, ९.५२
मावशी, मग आग होणारच. ही गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घेतली तरी तिचा शंभरातला एक भागसुद्धा रक्तात उतरत नाही. पोटात चहा-दूध असेल तर त्यातलंही बरंचसं वाया. कॅल्शियम तर तिला पोटातच धरून ठेवतं. वर तुम्ही आडव्या होता, म्हणजे गोळी अन्ननलिकेत रेंगाळते आणि तिथेच पोळते.
ती घ्यायची उठल्याबरोबर, सगळ्यांच्या आधी. भरलेला मोठा पेला साधं पाणी, घोटभर नव्हे. चावायची नाही, चघळायची नाही. मग किमान अर्धा तास बसा, उभ्या राहा, फिरा, पण आडवं व्हायचं नाही. चहा, नाश्ता, बाकीच्या गोळ्या सगळं त्यानंतर. कॅल्शियम सरळ दुपारच्या जेवणाबरोबर ढकला.
पण हे पुढचं. आत्ता आग होतेय ना, मग *उद्याची घेऊ नका, आधी डॉक्टरांना फोन करा.* गिळताना दुखत असेल तर आजच. अन्ननलिकेला त्रास असेल तर ते औषध बदलतात. इंजेक्शनंही आहेत.

नलूताई, ९.५५
डॉक्टरांनी हे सांगितलं असेलही. माझं लक्ष डेक्सा स्कॅनच्या, म्हणजे हाडांची घनता मोजतात त्या तपासणीच्या, कागदावर होतं. टी-स्कोअर उणे २.९ म्हणजे काय ते विचारण्यातच वेळ गेला.

मेघा, ९.५८
उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. म्हणून तर गोळी दिलीय. एवढ्यावर नुसतं कॅल्शियम पुरत नाही. नाचणीसुद्धा नाही, शोभाकाकू 🙂

विजूकाका, १०.०३
आणि जबड्याचं काय? खोटं का मग?

मेघा, १०.१०
अगदीच खोटं नाही, काका. जबड्याचं हाड न भरण्याचा प्रकार होतो, पण हाडांच्या ठिसूळपणाला दिल्या जाणाऱ्या डोसमध्ये तो फार क्वचित. जास्त दिसतो तो कॅन्सरच्या रुग्णांत, त्यांना हीच औषधं बरीच मोठ्या प्रमाणात, वारंवार देतात. दात काढायचे असतील तर ते शक्यतो औषध सुरू करण्याआधी उरकावं. औषध चालू असेल तर दातांच्या डॉक्टरांना आधी सांगावं. खुबा मोडून अंथरुणाला खिळलेली माणसं मात्र मी दर आठवड्याला बघते. त्यांचा फॉरवर्ड कोणी पाठवत नाही.

विजूकाका, १०.११
बरं. डिलीट करतो.

प्रभाकरकाका (बी-२०२), १०.३०
मेघा, आमच्या हिचं इंजेक्शन आहे, सहा महिन्यांनी पोटाला देतात ते. डेनोसुमॅब. शेवटचं १० नोव्हेंबरला झालं. एप्रिलमध्ये मुलाकडे कॅनडाला जातोय, ऑक्टोबरमध्ये परत. आल्यावर घेतलं तर चालेल ना? वर्षातून दोनदाचंच तर आहे.

मेघा, १०.३३
काका, *नाही चालणार.* फोन करू का?

मेघा, १०.५१
काकांशी बोलले, पण इथेही लिहिते, आणखी कोणाचं असेल तर. गोळीचं औषध हाडात मुरून राहतं, एखादा सोमवार चुकला तर आभाळ कोसळत नाही. आठवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक घ्या, दोन एकदम नकोत, मग पुन्हा ठरलेल्या वारी. या इंजेक्शनचं तसं नाही. सहा महिन्यांनी त्याचा जोर ओसरतो आणि थोपवून धरलेली झीज एकदम उसळते. काहींचे एकापेक्षा जास्त मणके दबतात, न पडता. म्हणून ते लांबवायचं नाही आणि मनाने सोडायचं तर मुळीच नाही. बंद करायचं झालं तरी मागोमाग दुसरं औषध देतात.
काकूंची तारीख १० मे. निघण्याआधी डॉक्टरांना भेटा. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्या, कमी असताना इंजेक्शन देत नाहीत. चिठ्ठी घ्या, म्हणजे मुलाला तिकडच्या डॉक्टरांची वेळ आत्ताच घेता येईल.

प्रभाकरकाका, १०.५४
मुलाला कळवलं. तो झोपलाय तिकडे. ही म्हणते, बरं झालं विचारलंत, एरवी विचारत नाहीत.

शोभाकाकू, ११.०२
माझं ते ड जीवनसत्त्वाचं ६०,००० चं पाकीट चालतं ना गं? दर रविवारी दुधातून. दोन वर्षं झाली.

मेघा, ११.०३
दोन वर्षं?? किती आठवड्यांसाठी दिलं होतं?

शोभाकाकू, ११.०५
आठ. पण बरं वाटत होतं. दुकानदार देतो.

मेघा, ११.०९
आजचं घेऊ नका. जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि किडनीला त्रास होतो. उद्या डॉक्टरांना सांगून रक्त तपासून घ्या.

शोभाकाकू, ११.१०
आजचं घेऊन झालं.

मेघा, ११.११
😐 पुढचं नको. तपासणी मात्र उद्याच.

नलूताई, संध्याकाळी ६.४०
डॉक्टरांशी बोलले. उद्याची गोळी नाही. मंगळवारी बोलावलंय, बघून ठरवतील. चहाबरोबर घेत होते म्हटल्यावर पलीकडे बराच वेळ आवाजच नाही. म्हणजे उद्या मी उठल्या उठल्या चहा प्यायला मोकळी.

सचिव, ६.४२
पाणी भरलंत का, नलूताई?

नलूताई, ६.४३
अगं बाई.