मदत हवी आहे: लाल रक्तपेशीत केंद्रक नसतं, मग ती आदिकेंद्रकी का नाही?

नमस्कार मंडळी, भाची अकरावी सायन्सला आहे, दहावीपर्यंत मराठी मीडियम आणि आता सगळं एकदम इंग्लिशमध्ये, म्हणून बायो मी तिच्याकडून घरी करून घेते. माझं शिक्षण केमिस्ट्रीचं, त्यामुळे पेशीच्या धड्यात गाडी अडलीये.

"फरक स्पष्ट करा"चा तक्ता तिला पाठ आहे. आदिकेंद्रकी म्हणजे केंद्रकाला पटल नाही, डीएनए पेशीद्रव्यातच एका जागी गोळा झालेला, रायबोझोम (प्रथिनं बनवणारे कण) ७० एस आकाराचे, तंतुकणिका (पेशीसाठी ऊर्जा बनवणारे भाग) नाहीत. दृश्यकेंद्रकी म्हणजे पटलवालं केंद्रक, रायबोझोम ८० एस, तंतुकणिका, गॉल्जी, सगळा संसार. विषाणू म्हणजे प्रथिनाचं कवच आणि आत डीएनए किंवा आरएनए. इथवर ठीक आहे हो, पण तिचं म्हणणं असं की आपल्या लाल रक्तपेशीत केंद्रकही नाही आणि तंतुकणिकाही नाहीत, मग तक्त्याप्रमाणे ती आदिकेंद्रकी झाली ना? वर क्लासच्या नोट्समध्ये लिहिलंय की विषाणू साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, आणि मिमिव्हायरस तर दिसतो म्हणे! मग ओळखायचं कशावरून? तक्त्यातल्या पक्क्या ओळी कुठल्या आणि "बहुतेक वेळा" वाल्या कुठल्या, कोणी नीट सांगेल का? सिलॅबसमध्ये नाही, सोडून द्या, असं प्लीज सांगू नका, पोरगी मनापासून विचारतेय.

प्रतिसाद १
प्रश्न फार चांगला आहे, भाचीला शाबासकी द्या. मी मायक्रोबायॉलॉजी शिकवतो. केंद्रक मुळातच नसणं वेगळं आणि असलेलं केंद्रक बाहेर टाकून देणं वेगळं. लाल पेशी अस्थिमज्जेत तयार होते तेव्हा तिला चांगलं ठसठशीत केंद्रक असतं, पिकत आली की ती ते बाहेर ढकलते आणि शेजारच्या भक्षक पेशी ते खाऊन टाकतात. रक्तात नुकत्याच उतरलेल्या कोवळ्या पेशीत रायबोझोमचे अवशेष शिल्लक असतात, विशिष्ट निळा रंग दिला की त्यांची जाळी दिसते, लॅबच्या रिपोर्टवर "रेटिक काउंट" असतो ना, तो याच पेशींचा. बेडूक आणि कोंबडीच्या लाल पेशींत तर केंद्रक शेवटपर्यंत राहतं. म्हणजे पेशी कुठल्या घराण्यातली ते बघा, आज तिच्यात काय उरलंय ते नको.

आकाराची ओळ मात्र खोडूनच टाका. मिमिव्हायरस १९९२ मध्ये इंग्लंडात ब्रॅडफर्डला एका कूलिंग टॉवरच्या पाण्यातल्या अमीबात सापडला, आणि मोठा दिसतो म्हणून सगळे त्याला जीवाणूच समजत होते, विषाणू आहे हे २००३ मध्ये जाहीर झालं. त्याच्या डीएनएत सुमारे १२ लाख बेस जोड्या आहेत, आणि मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम हा अस्सल जीवाणू असून त्याच्याकडे जेमतेम ५.८ लाख. तरी मिमिव्हायरस विषाणूच, कारण त्याच्याकडे स्वतःचा रायबोझोम नाही आणि तो एकाचे दोन असा विभागत नाही. पेशीत शिरला की त्याचे भाग सुटे होतात, काही तास आत शोधून अख्खा विषाणू सापडत नाही, मग यजमानाच्या रायबोझोमवर बनलेल्या सुट्या भागांतून एकदम शेकडो नवीन जुळतात.

मूळ धागाकर्ती
मनापासून आभार सर! पण तिचं लगेच पुढचं आलं, पूर्ण पिकलेल्या लाल पेशीत रायबोझोमही नसतात आणि ती विभागतही नाही, मग विषाणूत आणि तिच्यात काय फरक?

प्रतिसाद १
वा! बरोबर पकडलंय. ती पेशी अंदाजे १२० दिवस जगते आणि तेवढा वेळ ग्लुकोज फोडून स्वतःचं एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) स्वतः बनवत असते, त्यावर सोडियम बाहेर काढायचे पंप चालवते. विषाणूचा कण पेशीबाहेर यातलं काहीच करत नाही.

प्रतिसाद २
एक भर घालते, फार्मसीवाली आहे. डॉक्सिसायक्लिन, अझिथ्रोमायसिन ही औषधं जीवाणूंच्या रायबोझोमला धरतात, पेनिसिलिन त्यांच्या पेशीभित्तिकेचं काम अडवतं. विषाणूकडे दोन्ही नाही, म्हणून सर्दी-फ्लूवर अँटिबायोटिक चालत नाही, आणि मायकोप्लाझ्माला भित्तिका नाही म्हणून तो जीवाणू असूनही पेनिसिलिनला दाद देत नाही. आणि साम्यांकडेही बघू दे तिला. जनुकीय संकेत, म्हणजे जनुकावरून प्रथिन बनवायची भाषा, जीवाणू, आपल्या पेशी आणि विषाणू या तिघांची जवळपास एकच आहे, म्हणून तर विषाणूचा निरोप आपल्या रायबोझोमला वाचता येतो.

प्रतिसाद १
अगदी. आणि जमलं तर कॉलेजच्या लॅबमध्ये तिला गालाच्या आतल्या बाजूच्या पेशी आणि दह्याची निवळी, दोन्ही मिथिलीन ब्लू लावून बघायला सांगा. गालाच्या पेशीचं केंद्रक ४० च्या लेन्सखाली स्पष्ट दिसतं, दह्यातल्या जीवाणूंसाठी १०० ची ऑइलवाली लेन्स लावा, आणि आधी निवळीत भरपूर पाणी घाला नाहीतर सगळं दाट निळं दिसेल.