मदत हवी आहे: पाठीचा स्नायू हृदयाभोवती गुंडाळण्याची शस्त्रक्रिया (कार्डिओमायोप्लास्टी)

नमस्कार. माझ्या वडिलांना, वय ६४, डायलेटेड कार्डिओमायोपथी आहे. हृदय मोठं होऊन ढिलं पडलंय. टू-डी इकोत इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला डावा कप्पा त्यातल्या रक्ताचा जेवढा वाटा बाहेर टाकतो तो) २५ टक्के, ईसीजीत लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक (एलबीबीबी, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूला विजेचा संदेश उशिरा पोचणं). गोळ्या नियमित, मीठ-पाणी मोजून, तरी एक जिना चढला की धाप लागते. येत्या सोमवारी डॉक्टर सीआरटी पेसमेकर (हृदयाचे दोन्ही खालचे कप्पे एकाच वेळी आवळायला लावणारं यंत्र) आणि प्रत्यारोपणाच्या यादीविषयी बोलणार आहेत.

दरम्यान काकांनी या शस्त्रक्रियेवरचं एक जुनं कात्रण आणून दिलं. बाबा तालमीतले. तेव्हापासून एकच धोशा: "माझ्या पाठीत अजून ताकद आहे, तीच हृदयाला लावा. दुसऱ्याचं हृदय कशाला?" त्यांना नुसतं "गप्प बसा" म्हणायचं नाही, म्हणून जमेल तेवढं वाचून काढलं.

१९८५ मध्ये पॅरिसला आलँ कार्पांतिए आणि हुआन कार्लोस शाशके यांनी हे पहिल्यांदा माणसावर केलं. पाठीचा लॅटिसिमस डॉर्साय (जिमवाले 'लॅट्स' म्हणतात तो) काखेतली नस आणि रक्तवाहिनी शाबूत ठेवून सोडवायचा, बरगडीचा तुकडा काढून त्या वाटेनं छातीत घ्यायचा आणि हृदयाच्या खालच्या कप्प्यांभोवती गुंडाळायचा. मग पेसमेकरसारखं यंत्र ठोका ओळखून त्याच वेळी स्नायूला विजेचे झटके देतं.

पण हातापायांचा, पाठीचा स्नायू थकतो. म्हणून साधारण दोन आठवडे त्याला तसाच ठेवून पुढे काही आठवडे झटके हळूहळू वाढवत नेतात. त्यानं जलद तंतू संथ, न थकणारे होतात. मात्र त्यात स्नायूचा जोर आणि वेग दोन्ही उतरतात. म्हणजे बाबा ज्या ताकदीबद्दल बोलतात, तीच बरीचशी जाणार! शिवाय तो तयार होईपर्यंत आधीच दमलेल्या हृदयाला मोठं ऑपरेशन सोसायचं, आणि त्या काळात मदत जवळपास नाहीच. फार खालावलेल्या रुग्णांत मृत्यूही बरेच झाले. अनेकांना बरं वाटलं, पण पंपिंगच्या आकड्यांत त्या मानानं फरक थोडा. अमेरिकेतली तुलनात्मक चाचणी पुरेसे रुग्ण न मिळाल्यानं मधेच थांबली. काही सर्जनांच्या मते खरा फायदा आवळण्यापेक्षा हृदय आणखी फुगू न देण्याचा होता. मला ते पटतं.

जाणकारांना विचारायचंय: आज भारतात कुठे ही शस्त्रक्रिया करतात का, की विषय कायमचा मागे पडलाय? एलबीबीबी असताना सीआरटी बसवलेल्यांना चालताना, झोपताना किती फरक जाणवला? कुणाच्या घरी एलव्हीएडी (हृदयाच्या डाव्या कप्प्याला मदत करणारा, शरीरात बसवलेला पंप) असेल तर पोटातून बाहेर येणाऱ्या वायरची निगा आणि बॅटऱ्यांचं रोजचं कसं जमवता? प्रत्यारोपणाला "दुसऱ्याचं हृदय नको" म्हणणारं माणूस घरात होतं का, आणि त्यांच्याशी कोण, कसं बोललं?

रिपोर्ट पाहून सांगू शकणाऱ्या डॉक्टरांनी कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा, लगेच पाठवते. सोमवारच्या आधी उत्तरं मिळाली तर बाबांना सोबत बसवूनच वाचेन.