पितळ उक्तं देऊ नका

*सोसायटीचा ग्रुप, शुक्रवार*

सेक्रेटरी (बी-१०२): सर्व सभासदांना नमस्कार 🙏 गच्चीवरची पाइपलाइन बदलून झाली. निघालेले जुने व्हॉल्व्ह, तोट्या, युनियन, सगळं तीन गोण्यांत भरून पंप रूममध्ये ठेवलंय. चौकातला भंगारवाला बघून गेला. सगळं मिळून उक्तं पंधरा हजार म्हणतोय, संध्याकाळी उचलतो म्हणाला. कोणाची हरकत नसेल तर देऊन टाकू.

ए-३०४ मानसी: देऊन टाका. मोटर लावायला गेलं की दर वेळी त्या गोण्यांना पाय अडखळतो.

सी-२०१ खजिनदार: पावती देणार का तो? पुढे ऑडिटला मला उत्तर द्यावं लागतं.

सेक्रेटरी (बी-१०२): पावतीचं नाव काढल्यावर हसला.

बी-५०३ जोगळेकर: थांबा. उक्तं अजिबात देऊ नका. वजन केलंय का कुणी?

सेक्रेटरी (बी-१०२): नाही काका. अंदाजे पन्नासेक किलो असेल.

बी-५०३ जोगळेकर: मग त्याचाही अंदाजच. फरक एवढाच की तो रोज अंदाज बांधतो आणि आपण दहा वर्षांतून एकदा. उक्त्यात त्याचा तोटा व्हायचा नाही. भोसरीच्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळायचो, मोड विकणं माझ्याकडेच होतं. आज उचलू नका म्हणून सांगा त्याला.

ए-६०१ अनिकेत: काका, मग आजचा पितळेचा रेट काय? नेटवर साडेतीनशेपासून साडेसहाशेपर्यंत काहीही दाखवतंय.

बी-५०३ जोगळेकर: नेटवरचा रेट कुठल्या पितळेचा, कुठल्या गावचा, घेण्याचा की विकण्याचा, काही कळत नाही. त्यापेक्षा वरची हद्द आपण काढायची. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. साधारण ६० ते ७० टक्के तांबं, बाकी जस्त. तोट्यांसारख्या लेथवर कातलेल्या मालात दोन-तीन टक्के शिसंही असतं, ते सोडून द्या. एमसीएक्स म्हणजे वायदे बाजार, तिथे तांब्याचा आणि जस्ताचा भाव रोज किलोवर दिसतो. समजा तांबं ९०० आणि जस्त ३००. तांबं ६५ टक्के धरलं तर ५८५ आणि जस्ताचे १०५, मिळून ६९०. हे झालं धातूचं मोल. यापेक्षा जास्त कोणी देणार नाही, आणि कोणी याच्या निम्मं म्हणाला तर चहासुद्धा न विचारता वाटेला लावायचा.

ए-६०१ अनिकेत: मग ६९० च मागायचे ना? निदान ६५०?

बी-५०३ जोगळेकर: मागून बघ 😄 अरे, मोड शेवटी भट्टीत जाते. पितळ नऊशे अंशांच्या पुढे वितळतं आणि जस्त ९०७ ला उकळतं. म्हणजे रस होतोय तोवर त्यातलं थोडं जस्त पांढरा धूर होऊन वर जातं. वर राख, माती, सांध्यांवरचा जुना डाख निघतो. याला घट म्हणतात, ती खरीच असते. शिवाय फेरीवाला, दुकानदार, ठोक व्यापारी, मग फाउंड्री अशी साखळी आहे, प्रत्येक जण आपलं काढून घेणार. स्वच्छ निवडलेल्या मालाला धातूच्या मोलाच्या तीन चतुर्थांशाच्या वर मिळालं की भाव बरा समजायचा. गोणीत कोंबलेल्या मालाला तेवढा मिळत नाही, आणि तो न देणारा माणूस लबाड असतोच असं नाही. आत लोखंड किती निघेल हे त्याला तरी कुठे ठाऊक असतं?

सी-४०२ पाटील: खरं हाय काका. कोल्हापुरात आमच्या मामांचं भंगारचं दुकान. ते म्हणायचे, गिऱ्हाईक भावासाठी तासभर भांडतंय आणि काट्याकडं बघतच न्हाई.

बी-५०३ जोगळेकर: पाटील, एक नंबर बोललात. काट्यावर येतोच. आधी निवडणं. उद्या सकाळी पंप रूममध्ये या, येताना लोहचुंबक, कानस आणि पान्हा आणा. स्पीकरमधलं जुनं चुंबक असलं तर उत्तम.

ए-३०४ मानसी: चुंबक फ्रिजवरचं चालेल का?

बी-५०३ जोगळेकर: चालेल. पितळेला ते चिकटत नाही. चिकटलं तर वरून पितळेचा मुलामा आणि आत लोखंड. पण चिकटलं नाही म्हणजे पितळच असं मात्र नाही. हल्लीच्या स्वस्त तोट्या जस्ताच्या ओतीव असतात, वरून क्रोम. चुंबक त्यांनाही धरत नाही. तिथे कानस. न दिसणाऱ्या जागी दोन हात मारा: पिवळं निघालं तर पितळ, करडं-पांढरट निघालं तर जस्त. आणि लालसर निघालं तर मला हाक मारा.

ए-६०१ अनिकेत: लालसर म्हणजे?

बी-५०३ जोगळेकर: गनमेटल. आपली इमारत जुनी आहे, त्या वेळी बसवलेल्या आयएसआय मार्काच्या व्हॉल्व्हची बॉडी बऱ्याचदा गनमेटलची असते. एक नेहमीचा प्रकार म्हणजे शंभरात ८५ भाग तांबं आणि कथील, शिसं, जस्त प्रत्येकी पाच. भाव पितळेपेक्षा सरळ वरचा. गोणीत पिवळ्याबरोबर गेलं की पिवळ्याच्या भावात जातं, आणि घेणारा ते घरी जाऊन वेगळं करतो. व्हॉल्व्हवरचं फिरवायचं चाक बिडाचं असतं, वरचा नट सोडला की निघतं. ते ठेवलंत तर तो म्हणणार "लोखंड आहे, पाच किलो घट". चाकं सगळी मिळून भरतील दोन-अडीच किलो. ही घट आपण आपल्या हाताने काढून टाकायची, म्हणजे त्याला बोलायला जागा उरत नाही. तोट्यांमधले रबरी वायसर, प्लास्टिकच्या मुठी, पाइपचे अडकलेले तुकडे, सगळं काढा.

सी-२०१ खजिनदार: तळमजल्यावर जुने पाण्याचे मीटर पडलेत. तेही पितळीच दिसतात. टाकू का त्यात?

सेक्रेटरी (बी-१०२): ते महापालिकेचे असतील तर आपल्याला हात लावता येणार नाही. कागद बघतो, तोवर कपाटात कुलपात ठेवा.

बी-२०४ देशपांडे काकू: जोगळेकर, आमच्याकडचं पण घ्याल का यात? सासूबाईंच्या वेळचं माळ्यावर पडलंय. दोन घागरी, परात, बंब, तीन थाळ्या, एक समई. भांडीवाला म्हणतो सगळं पितळेच्या भावानं घेतो, वर स्टीलचा डबा देतो.

बी-५०३ जोगळेकर: वहिनी, थाळ्या जड आहेत का? बोटाने वाजवून बघा, घंटेसारखा नाद बराच वेळ राहतो का?

बी-२०४ देशपांडे काकू: हो, छान वाजतात. आणि एक पूर्वी हातातून पडून तडकली होती.

बी-५०३ जोगळेकर: मग ते कासं. पितळ पडलं तर पोचतं, कासं तडकतं. त्यात जस्त नसतं, तांबं आणि कथील असतं, साधारण ७८ आणि २२. कथील तांब्यापेक्षा कितीतरी महाग. थाळ्या पितळेच्या भावात दिल्यात तर तो डबाच काय, झाकण आणि चमचाही देईल. बंब तांब्याचा आहे की पितळेचा?

बी-२०४ देशपांडे काकू: बाहेरून काळा झालाय, काय सांगू.

सी-४०२ पाटील: काकू, चिंच-मीठ लावून एक कोपरा घासा. तांबं असंल तर गुलाबी दिसंल. आणि आतली जाळी लोखंडी असती, ती काढून ठेवा. पाण्याचा थर बसलेला असंल तोबी खरवडा, न्हाईतर त्याच्या नावावर दोन किलो कापत्यात.

ए-६०१ अनिकेत: काकू, घागरी मोडीत देऊ नका प्लीज. जुन्या बाजारात आणि इंटिरियरवाल्यांकडे अशा भांड्यांना मोडीपेक्षा जास्त मिळतात. माझ्या मित्राच्या कॅफेत घंगाळात फर्न लावलंय.

बी-२०४ देशपांडे काकू: घंगाळात झाड? बरं बाई.

बी-५०३ जोगळेकर: अनिकेतचं बरोबर आहे, पण अट आहे. काठ शाबूत हवा, बूड गळकं नको, मठारकाम, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांची नक्षी, हातचं हवं. चेपलेली, डाख लावलेली घागर मोडच. वहिनींनी एकदा तांबट आळीत दाखवून घ्यावी. पोचे काढून, कल्हई करून वापरायची असेल तर तेही तिथेच होतं. नवं भांडं घेताना दुकानदार मोड लावून घेतात, तेव्हा दोन आकडे वेगळे विचारा: जुन्याचा भाव किती, आणि नव्याचा घडणावळ धरून किती. कोणी मोडीला चढा भाव सांगतो आणि नव्यात वसूल करतो.

बी-२०४ देशपांडे काकू: आणि समई? हात लावला की बूड फार जड वाटतं.

बी-५०३ जोगळेकर: शोभेच्या काही समयांच्या आणि मूर्तींच्या बुडात वजनासाठी लाख, वाळू नाहीतर सिमेंट भरलेलं असतं. वाजवल्यावर बद्द आवाज आला तर समजा. भरीव तुकडा असेल तर काठोकाठ भरलेल्या बादलीत बुडवून बाहेर सांडलेलं पाणी मोजता येतं. पितळ पाण्याच्या साधारण साडेआठ पट जड. एक लिटर पाणी सांडलं आणि वस्तू पाचच किलो भरली तर आत दुसरं काहीतरी आहे. पण समई तुम्ही विकू नका असं माझं मत.

बी-२०४ देशपांडे काकू: विकत नाहीच आहे. विचारलं नुसतं.

*शनिवार*

सेक्रेटरी (बी-१०२): निवड झाली. जोगळेकर काका, पाटील, अनिकेत यांचे आभार. सोसायटीच्या काट्यावर वजन:
स्वच्छ पिवळं पितळ ३१ किलो
क्रोमच्या पितळी तोट्या १४ किलो
गनमेटल ६ किलो
जस्ताच्या तोट्या आणि बिडाची चाकं मिळून ४ किलो

ए-३०४ मानसी: आपला काटा बरोबर आहे कशावरून?

बी-५०३ जोगळेकर: शाब्बास, हाच प्रश्न घेणाऱ्यालाही विचारायचा. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. न फोडलेला वीस लिटरचा जार ठेवा, वीस आणि वर रिकाम्या जारचं थोडंसं भरलं पाहिजे. मी काल जार ठेवला, आपला काटा ठीक आहे. घेणाऱ्याच्या काट्यावर तोच जार आधी ठेवायचा आणि मग माल. काटा रिकामा असताना शून्य दाखवतोय का बघायचं. व्यापारात वापरायच्या इलेक्ट्रॉनिक काट्याची वैध मापन विभागाकडून दर वर्षी पडताळणी करून घ्यावी लागते, प्रमाणपत्र मागायला लाजू नका. हुकाला लटकवायचा बॅगांचा छोटा काटा कोणी आणला तर त्याच्यावर एक तोटीही मोजू द्यायची नाही.

सी-४०२ पाटील: आणि सगळं एकदम ठेवू नका. पाच-पाच, दहा-दहा किलोनं मोजा, कागदावर लिवत जावा. घाईगडबडीत एखादी खेप "झाली झाली" म्हणून जाती.

ए-६०१ अनिकेत: मी एका भंगार ॲपवर टाकलं होतं. घरी येऊन नेतात, पण पितळ एकाच रेटनं, गनमेटलचा रकानाच नाही.

बी-५०३ जोगळेकर: रद्दीला ॲप छान. याला नको. मी तिघांना फोन केले. भोसरी-चिखलीकडचे बरेचसे जुने नंबर आता लागत नाहीत. चिखलीच्या कुदळवाडीतली भंगाराची गोदामं फेब्रुवारी २०२५ च्या महापालिकेच्या पाडापाडीत गेली आणि मंडळी पांगली. दोन भाव आले, तिसरा फोटो बघून सांगतो म्हणाला.

सेक्रेटरी (बी-१०२): चौकातल्याला पण विचारलं. निवडलेला माल बघून गडी बदलला. पिवळं ५००, तोट्या ४३०, गनमेटलही पिवळ्यातच धरतो म्हणाला.

बी-५०३ जोगळेकर: भोसरीचा: पिवळं ५४०, तोट्या ४९०, गनमेटल ६४०. टेम्पो त्याचा, वजन आपल्या आवारात, पैसे बँकेत.

सी-२०१ खजिनदार: १६,७४० अधिक ६,८६० अधिक ३,८४०. एकूण २७,४४०. बीड-जस्ताचे किरकोळ वेगळे. आणि आपण पंधरा हजारात देत होतो 🙏

ए-३०४ मानसी: काका, निवडण्याची मजुरी घ्या सोसायटीकडून 😄

बी-५०३ जोगळेकर: पान्हा माझा हरवलाय, तो शोधून द्या.

सी-४०२ पाटील: चौकातल्याला एकदा शेवटचं विचारावं का? गरीब माणूस हाय, रोजचा येणारा.

बी-५०३ जोगळेकर: जरूर विचारा. गनमेटल वेगळं धरून भोसरीच्या आसपास आला आणि आपल्या काट्यावर मोजायला तयार असला तर त्यालाच देऊ, शे-पाचशे कमी आले तरी चालतील. रद्दी, पुठ्ठा वर्षभर तोच नेतो.

सी-२०१ खजिनदार: शे-पाचशेला माझी हरकत नाही. पण रोख नको. सोसायटीच्या खात्यावर जमा आणि कमिटीच्या सभेत तिन्ही भाव लिहून ठराव. पुढच्या वर्षी कोणी विचारलं तर कागद पाहिजे.

*रविवार*

सेक्रेटरी (बी-१०२): चौकातला ५२० वर थांबला, गनमेटल वेगळं धरायला तयार नाही. तिसऱ्याचा भाव ५३० आला. भोसरीचा टेम्पो अकराला येतोय. देशपांडे काकू, थाळ्या आणि बंब खाली आणून ठेवा, त्यांचं वजन आणि पैसे वेगळे, थेट तुमच्या खात्यावर.

बी-२०४ देशपांडे काकू: थाळ्या मुलगी नेते म्हणाली. बंब तांब्याचा निघाला, तो देते. घागरी तांबट आळीत दाखवून आणल्या, एकीला कल्हई करून घेणार आहे, दुसरीचं बूड गेलंय, ती टेम्पोत टाका.

बी-५०३ जोगळेकर: जार कोण आणतंय?

ए-६०१ अनिकेत: मी.

सेक्रेटरी (बी-१०२): पंप रूमसमोर पांढरी कार कोणाची आहे? टेम्पो लागायला जागा नाही.

ए-३०४ मानसी: माझी. चावी वॉचमनकडे देते, काढायला सांगा.