गोल लेन्स, आयताकृती छायाचित्र : सेन्सर चौरस का नसतो? (मदत हवी आहे)

लेन्स वर्तुळाकार प्रतिमा पाडते आणि सेन्सर (कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणारी चिप) तिचा आयताकृती भाग तेवढा टिपतो, हे मला समजले आहे. लहान सेन्सरसाठीची लेन्स फुल-फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर, आपोआप होणारे क्रॉपिंग (चित्राच्या कडा कापणे) बंद करून लावल्यावर काळे कोपरेही दिसले. अडचण पुढची आहे. ३६ × २४ मिमी सेन्सरचा कर्ण सुमारे ४३.३ मिमी असल्याने तेवढ्या व्यासाच्या वर्तुळाचा जेमतेम ५९ टक्के भाग वापरला जातो, तर त्याच वर्तुळात बसणारा चौरस सुमारे ६४ टक्के भाग व्यापतो. ३:२ हे प्रमाण ३५ मिमी फिल्मकडून आले, हा इतिहास ठाऊक आहे (कागद आणि पडदे आयताकृती असतात, हेही), त्यामुळे तो कृपया वगळावा. चौरस सेन्सर टाळण्यामागे उत्पादनखर्च, शटरची रचना की एसएलआरमधील (आरशाद्वारे दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यातील) आरशाला लागणारी जागा, यांपैकी कोणते कारण निर्णायक ठरते, आणि आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांनाही ते लागू होते का?