बी.ई. न करता थेट एम.टेक.: दार उघडं असावं की नाही?

गंगापूररोडकर
भाचीने फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं. सध्या अंबडच्या एका कॅलिब्रेशन लॅबमध्ये, मोजमापाची उपकरणं तपासायच्या कामाला आहे. यंदा गेटला, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेला, फिजिक्सचा पेपर दिला, स्कोअर चांगला आला, आता तिला एम.टेक. करायचंय, ऑप्टिक्स नाहीतर मटेरियल्समध्ये. तेव्हापासून घरात एकच पालुपद: "बी.ई. केलं नाही, मग एम.टेक. कसलं करतेस?" तिचा साहेबही तेच म्हणतो, पगारवाढीच्या वेळी जरा जास्तच जोरात.

माझं मत सांगतो. बारावीनंतर सीईटीत थोडे मार्क कमी पडले म्हणून कुणी बी.एस्सी.ला गेलं, तर तो निकाल जन्मभर कपाळावर चिकटवून फिरायचं का? अनेक आयआयटींत काही शाखांच्या एम.टेक.ला संबंधित विषयातलं एम.एस्सी. चालतं. दिल्ली आयआयटीत अप्लाइड ऑप्टिक्सचं एम.टेक. फिजिक्स विभागच चालवतो. नियम करणाऱ्यांना चालतं, मग पोटात आपल्या का दुखावं?

सातपूर_टूलरूम
नियम करणाऱ्यांना रिजेक्ट झालेल्या मालाचं नुकसान भरावं लागत नाही, म्हणून त्यांना चालतं.

माझं छोटं युनिट आहे, मोठ्या कंपन्यांना पार्ट पुरवतो. क्वालिटीला एक एम.एस्सी. झालेला मुलगा घेतला होता. हुशार, गणितात मला बाजारात विकून येईल. एका अमेरिकन गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग आलं. ते लोक थर्ड अँगलमध्ये काढतात, आपल्याकडे फर्स्ट अँगल; वस्तूच्या बाजू कागदावर मांडायच्या या दोन उलट पद्धती. कोपऱ्यातली खूण याने पाहिलीच नाही. डावा ब्रॅकेट उजवा झाला, अख्खी बॅच भंगारात. पॉलिटेक्निकचं पोरगं ही चूक पहिल्याच वर्षी करतं, मास्तरांच्या शिव्या खातं आणि शहाणं होतं. एम.टेक.ला या शिव्या कोण देणार? तिथे पहिल्या दिवसापासून फायनाइट एलिमेंट, म्हणजे पार्टवरच्या ताणाचं कॉम्प्युटरवरचं गणित.

गंगापूररोडकर
टूलरूमभाऊ, तुमच्या भंगारावरचं औषध नियमातच लिहिलंय. बारावीला गणित आणि पदवीला किमान गुण असतील, तर बी.एस्सी.वाल्याला बी.ई.च्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, हा ए.आय.सी.टी.ई.चाच, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेचाच, नियम आहे. जागा डिप्लोमावाल्यांनंतर मिळते, आणि पहिल्या वर्षाचे इंजिनिअरिंग ग्राफिक्स आणि इंजिनिअरिंग मेकॅनिक्स हे दोन विषय सोबत काढावे लागतात. म्हणजे उणीव कुठे आहे ते नेमकं माहीत आहे. तेच दोन विषय एम.टेक.च्या पहिल्या सेमिस्टरला सक्तीचे करा. दाराला कुलूप कशाला?

निवृत्त_मास्तरीण
दोन विषयांत भागत असतं, तर आम्ही चार वर्षं काय शिकवत होतो?

तो नियम दुसऱ्या वर्षाच्या दारातला आहे हे विसरू नका. ते दोन विषय काढणाऱ्याच्या हातात पुढे तीन वर्षं असतात. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, फ्लुइड, थिअरी ऑफ मशीन्स, हीट ट्रान्सफर, सगळं त्यात होतं. एम.टेक. अवघं दोन वर्षांचं, त्यातलं एक प्रोजेक्टमध्ये जातं. बीमचा बेंडिंग मोमेंट डायग्राम, म्हणजे तुळईला वाकवणारा जोर कुठे किती याचा आलेख, ज्याने कधी हाताने काढला नाही, त्याला सॉफ्टवेअरच्या रंगीत चित्रात एवढंच कळतं की लाल दिसलं की घाबरायचं. त्यामुळे डिझाइन, स्ट्रक्चर, थर्मल या शाखांना माझा स्पष्ट नकार.

पण ऑप्टिक्स, सेमीकंडक्टर, मटेरियल्स? तिथे गंगा उलटी वाहते. बँड गॅप आणि एक्स-रे डिफ्रॅक्शन सुरू झालं की मेकॅनिकलचा बी.ई.वालाच फिजिक्सवाल्यांच्या वह्या मागत फिरतो. सरसकट उघडा म्हणणारे आणि सरसकट बंद करा म्हणणारे, दोघांनीही सिलॅबस उघडून पाहिलेला नसतो.

भाचीने वेगळाच विचार करायला हवा. सरकारी कंपन्या गेटवर इंजिनिअर घेतात तेव्हा जाहिरातीत साधारणपणे बी.ई., बी.टेक. मागतात. एम.एस्सी.वर केलेलं एम.टेक. तिथे उपयोगी पडेलच असं नाही. जाहिराती आधी वाचा, मग राजीनामा द्या.

पंचवटी_एक्सप्रेस
गेटवाल्यांना ए.आय.सी.टी.ई.मान्य कॉलेजात महिना १२,४०० विद्यावेतन आहे म्हणे. तेवढ्यासाठी चालू पगार सोडायचा?

भो_नाशिककर
काय भो, विश्वेश्वरय्यांना विसरले का सगळे? १८८१ ला बंगळुरात बी.ए. केलं, मग पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, इंजिनिअरिंग. १८८४ ला पहिली नेमणूक कुठे? आपल्या नाशिकला! बी.ए.वाल्याने पुढे धरणं बांधली, हे फिजिक्सवालीचं काय घेऊन बसलात.

सातपूर_टूलरूम
उदाहरण माझ्या बाजूचं दिलंत, आभारी आहे. ते बी.ए.नंतर पुण्यात इंजिनिअरिंग पहिल्यापासून शिकले, वरच्या मजल्यावर खिडकीतून शिरले नाहीत.

ओझरची_रात्रपाळी
टूलरूमभाऊ, आता माझं ऐका. मी नोकरी करत ए.एम.आय.ई. केलं. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची परीक्षा, सेक्शन ए आणि सेक्शन बी, पाळ्या सांभाळून. संस्था १९२० ची, आणि पेपर कुणाला फुकट सोडत नाही. ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी झालेल्यांना पदवीची समकक्षता आहे, पुढच्यांना नाही. मी त्याच्या आधीचा. तरी एका कॉलेजात एम.ई.ची चौकशी करायला गेलो, तर खिडकीवरच्याने प्रमाणपत्र उलटंसुलटं करून विचारलं, "हे काय असतं?"

मी लेथवर उभा राहिलोय. फर्स्ट अँगल, थर्ड अँगल झोपेत ओळखतो. तुमच्या कसोटीला मी पुरेपूर उतरतो, मग मला कुठे आत घेतलं? २०१७ ला सुप्रीम कोर्टाने अभिमत विद्यापीठांच्या दूरशिक्षणातल्या इंजिनिअरिंग पदव्या अवैध ठरवल्या. ते योग्यच झालं. पण तेव्हापासून वर्गात बसून न शिकलेला प्रत्येक माणूस चोर समजला जातो. ड्रॉइंग वाचता येतं का, हे विचारतं कोण? सगळे कागदच बघतात.

सातपूर_टूलरूम
ओझरवाले, तुमच्यासारखा माणूस मी डोळे मिटून घेईन. माझं भांडण हाताला कधी तेल न लागलेल्यांशी आहे.

गंगापूररोडकर
मग तेल लावून घ्या की, कागद कशाला मागता? तिला सरकारी कंपनी नकोच आहे, मोजमापाच्या क्षेत्रातच राहायचंय. मायक्रोमीटरच्या रीडिंगमध्ये अनिश्चितता किती धरायची, हे तिच्या लॅबमधले बी.ई.वाले तिलाच विचारतात.

मास्तरीणबाई, शाखा बघून बोला हे पटलं. स्पष्ट नकार नाही पटला. एम.टेक.ला येणाऱ्या प्रत्येकाची पहिल्या आठवड्यात स्ट्रेंथची लेखी परीक्षा घ्या, बी.ई.वाल्यांचीसुद्धा. बघू किती जणांना बेंडिंग मोमेंट काढता येतो.

निवृत्त_मास्तरीण
घ्या. बी.ई.वाले पुष्कळ पडतील, मीच शिकवलंय त्यांना. पण नापास बी.ई.वाला आत बसलाय, म्हणून नापास एम.एस्सी.वाल्यालाही आत घ्यावं असं होत नाही.

गंगापूररोडकर
आणि जी पास होईल तिला बाहेर ठेवावं, असंही होत नाही.

सिडकोचा_कोडर
माझं बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स आहे. गेटचा डेटा सायन्सचा पेपर देऊन थेट आयआयटीत एम.टेक. मिळेल का? क्लासवाले हो म्हणतात.

निवृत्त_मास्तरीण
क्लासवाले फी भरेपर्यंत सगळ्यालाच हो म्हणतात. हा पेपर २०२४ पासून आहे आणि तुम्हाला तो देताही येईल. पण तीन वर्षांच्या बी.एस्सी.वर आयआयटीत एम.टेक. मिळेल असं धरून चालू नका. आधी एम.सी.ए. किंवा एम.एस्सी. करा. गेटचा स्कोअर निकालापासून तीन वर्षंच चालतो, तेव्हा शेवटच्या वर्षाला परीक्षा द्या. आणि हवं त्या कॉलेजचं प्रवेश माहितीपत्रक स्वतः वाचा.