माहेर मृत्युपत्रात सापडतं

जुनी वंशावळ शोधताना एखाद्या बाईच्या लग्नाची नोंद सापडली नाही, तर तिचं माहेर कळणारच नाही, असं काहींचं मत असतं. मला ते पटत नाही. १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून इंग्लंडहून अमेरिकेत आलेल्या प्रिसिला मलिन्सचंच बघा. जॉन ऑल्डनशी तिचं लग्न कोणत्या तारखेला झालं, याची नोंद नाही. पण तिचे वडील विल्यम प्लिमथ या तिथल्या नव्या वसाहतीतल्या पहिल्याच हिवाळ्यात वारले आणि त्यांनी मरताना सांगितलेलं मृत्युपत्र टिकलं. वडील इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या डॉर्किंगचे, धंदा बूट-जोड्यांचा. सोबत आणलेल्या बूट-जोड्यांच्या मालाचाही त्यात हिशोब आहे (हे वाचून मला फार मजा वाटली होती!) आणि इंग्लंडलाच राहिलेल्या विल्यम नि सेरा या तिच्या भावंडांची नावंही. तेव्हा बाईच्या नावाने शोधत बसण्यापेक्षा आधी बापाची, भावांची मृत्युपत्रं चाळा. बायकोच्या नावावर मालमत्ता क्वचितच असायची, त्यामुळे कागदही कमीच.

आणि हो, तारखा जपून. १७५२ पर्यंत इंग्लंडमध्ये नि तिच्या अमेरिकेतल्या वसाहतींत नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. म्हणून प्रिसिलाच्या वडिलांचा मृत्यू कुठे फेब्रुवारी १६२० दिसेल, कुठे १६२१. माणूस एकच!